साडेसातचं लेक्चर आणि वाटीभर सातू

सकाळी साडेसातचं लेक्चर. वाडी नाक्यावर ऑटोची वाट बघत उभे असलेल्या तुमच्यापैकी किती जणांनी काही खाल्लेलं असतं? कटिंग चहा आणि दोन टोस्ट धरायचे नाहीत. ब्रेकमध्ये समोसा मिळेपर्यंत पोट रिकामंच. रूम करून राहणाऱ्यांची तर तक्रार ठरलेली: गॅस नाही, वेळ नाही, मेसचा डबा अकराशिवाय येत नाही.

आता त्याच अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टच्या गोदामांकडे बघा. बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले ट्रकवाले आणि हमाल उन्हाळ्यात स्टीलच्या ग्लासात सत्तू घोळतात. भाजलेल्या चण्याचं पीठ, पाणी, लिंबू, काळं मीठ, बारीक कांदा, हिरवी मिरची. तेवढ्यावर माणूस दुपारपर्यंत पोती उचलतो. आपण मात्र ते 'त्यांचं' खाणं समजतो.

घरी आजीला विचारून बघा. उन्हाळा लागला की आपल्याकडेही सातू व्हायचा. गहू थोडे ओलवून कांडायचे, कोंडा पाखडायचा, वाळवून खमंग भाजायचे. त्यात फुटाण्याची डाळ, जिरं, वेलची घालून दळायचं. गूळ-पाण्यात किंवा दुधात कालवलं की झालं. (दुकानात नुसतं 'सातू' म्हटलं तर कधीकधी जव हातात पडतात, कारण त्या धान्यालाही सातूच म्हणतात. 'सातूचं पीठ' असं मागा.)

चण्याच्या सत्तूत 100 ग्रॅमला साधारण 20 ग्रॅम प्रथिनं असतात. आपल्या सातूत गहू असल्यामुळे आकडा थोडा खाली येतो, पण जमेची बाजू वेगळी आहे. गव्हात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते चण्यात भरपूर. चण्यात मेथिओनिन कमी, ते गहू भरून काढतो. आजीला ही नावं माहीत नव्हती, पण जोडी बरोबर लावलेली होती.

आता हिशेब करा. 'आयसीएमआर'च्या शिफारशीनुसार किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 60 किलोच्या मुलामुलीला सुमारे 50 ग्रॅम. 50 ग्रॅम सातूतून 8 ग्रॅमच्या आसपास मिळतात, ग्लासभर दुधातून आणखी 6. दिवसाच्या गरजेचा चौथा भाग लेक्चरच्या आधीच पोटात. वर चोथा असल्यामुळे लवकर भूक लागत नाही. खारा सातू लिंबू पिळून घेतला तर त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. चहा मात्र तासभर लांब ठेवा, तो लोह अडवतो. मुलींनी हे विशेष लक्षात ठेवावं.

जिमवाल्या मित्रांचा प्रश्न येणारच: दोन-अडीच हजारांचा प्रोटीनचा डबा सोडायचा का? एका चमच्यात त्यात 20-25 ग्रॅम प्रथिनं असतात, सातू तिथे पुरा पडत नाही, हे खरं आहे. पण नाश्ताच न करता डबा घेणाऱ्यांनी आधी नाश्त्याचं बघावं. आणि सातू औषध नाही. 45 डिग्रीच्या मे महिन्यात डोक्याला दुपट्टा न बांधता फिरलात तर सातू पिऊनही ऊन लागेल. पहिल्याच दिवशी मोठा ग्लास रिचवला तर गॅसेस होतील, म्हणून दोन चमच्यांपासून सुरुवात करा. गुळाचा हातही आखडता ठेवा.

रूमवर करायला काही लागत नाही. पीठ भाजलेलंच असतं, शिजवायचं नाही. आधी थोड्या पाण्यात घट्ट कालवा, मग पातळ करा. एकदम पाणी ओतलं की गुठळ्या झाल्याच. डबा कोरडा, झाकण घट्ट, आणि महिन्याभरात संपेल इतकाच करा. पावसाळ्यात ओला चमचा घातला की पीठ गेलंच समजा.

घरून करून आणायचा असेल तर दोन-चार रूममेट मिळून किलो-दोन किलो एकदमच दळा, वाटीभर पिठासाठी चक्कीवाले भाऊ चक्की लावत नाहीत. आणि आपल्या आधी काय दळलं ते विचारून घ्या. मिरचीनंतर दळलेला गोड सातू आम्ही एकदा खाल्लेला आहे.