गाभण कुत्रीला कॅल्शियम: हेतू चांगला, परिणाम उलटा

गाभण कुत्रीला विण्यापूर्वीच कॅल्शियमचे सिरप सुरू करण्याची पद्धत अनेक श्वानपालकांत रूढ आहे. शरीरक्रियाविज्ञान मात्र तिच्या विरोधात आहे.

रक्तातील कॅल्शियम घटले की परावटू ग्रंथी संप्रेरक स्रवतात आणि हाडांतील साठा मोकळा होतो. गर्भारपणात बाहेरून अतिरिक्त पुरवठा होत राहिला, तर ही यंत्रणा मंदावते. सुमारे ६३ दिवसांनी पिल्ले जन्मतात, दुधाची गरज झपाट्याने वाढते आणि नेमका तेव्हाच साठा वेळेवर हाती लागत नाही. परिणामी धाप, थरथर, ताठरलेले पाय, झटके आणि उपचारांस विलंब झाल्यास मृत्यू. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत, पिल्ले अधिक असल्यास, प्रसूतीनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत हा धोका विशेष असतो.

गायींतील दुग्धज्वर टाळण्यासाठीही पशुवैद्यकशास्त्र विण्यापूर्वीच्या आहारात कॅल्शियमचा अतिरेक नको, असेच सांगते. जगात सर्वाधिक दूध उत्पादन करणाऱ्या देशात गोठ्यातले हे ज्ञान घरातल्या कुत्रीपर्यंत पोहोचू नये, हे खेदजनक आहे.

गाभण कुत्रीला संतुलित आहार हवा. तो घरगुती असेल, तर त्यातील उणीव पशुवैद्यानेच ठरवावी. बाटली उघडण्याचा निर्णय केवळ मायेवर सोडू नये.