एका मॉडेलमध्ये अख्खा पूल! ‘बिम’ म्हणजे काय? कोकणातील इंजिनीअरना ते का यायला हवे?

रत्नागिरी : १६ ऑक्टोबर २०२३. मुंबई-गोवा महामार्गावर चिपळूणच्या बहादूरशेख नाका येथे बांधकाम सुरू असलेल्या उड्डाणपुलाचे गर्डर कोसळले. पाठोपाठ गर्डर उचलणारी लाँचर यंत्रणाही खाली आली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. मात्र नंतर पुलाचा आराखडा बदलावा लागला आणि दोन खांबांमधील अंतर कमी करण्याचा निर्णय झाला.

अर्धवट झालेल्या पुलाचा आराखडा बदलतो, तेव्हा बदल फक्त एका नकाशात होत नाही. खांबांची संख्या, पायाचे काम, गर्डरची लांबी, लोखंड, काँक्रीट, वेळापत्रक आणि खर्च, सगळेच नव्याने मांडावे लागते. ही मांडामांड एकाच ठिकाणी करण्याची पद्धत जगभरातील इंजिनीअर वापरू लागले आहेत. तिचे नाव बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, म्हणजेच ‘बिम’. साइटवरच्या ‘बीम’शी, म्हणजे तुळईशी, या शब्दाचा काही संबंध नाही.

बिम म्हणजे नेमके काय?

सोप्या भाषेत सांगायचे तर बांधकाम जमिनीवर उभे राहण्याआधी ते संगणकात उभे करणे. पण हे केवळ थ्रीडी चित्र नव्हे. ऑटोकॅडच्या नकाशात भिंत म्हणजे दोन समांतर रेषा असतात. बिमच्या मॉडेलमध्ये ती ‘भिंत’च असते. तिची जाडी, विटेचा किंवा जांभ्या दगडाचा प्रकार, दर आणि ती कधी बांधायची याची माहिती तिच्यासोबत असते.

या माहितीच्या थरांना ‘डी’ म्हणतात. लांबी, रुंदी, उंची म्हणजे थ्रीडी. त्यात वेळापत्रक जोडले की फोर-डी, खर्च जोडला की फाइव्ह-डी. देखभालीची माहितीही याच मॉडेलमध्ये ठेवता येते.

इंजिनीअरला फायदा काय?

१. चूक साइटवर नाही, स्क्रीनवर सापडते. आर्किटेक्टचा नकाशा वेगळा, आरसीसीचा वेगळा, प्लंबिंग आणि वायरिंगचा आणखी वेगळा. स्लॅब भरल्यावर लक्षात येते की ड्रेनेजचा पाइप नेमका तुळईतून जातो आहे. मग कोअर कटिंग, तोडफोड आणि वादावादी. बिममध्ये सगळ्यांची मॉडेल्स एकत्र केली की असे अडथळे सॉफ्टवेअर दाखवते. याला ‘क्लॅश डिटेक्शन’ म्हणतात.

२. क्वांटिटी बदलासोबत बदलते. समजा, २०० चौरस मीटरच्या स्लॅबची जाडी १२५ मिलिमीटरवरून १५० मिलिमीटर केली. काँक्रीट २५ घनमीटरवरून ३० घनमीटरवर जाते. वाढलेले ५ घनमीटर म्हणजे जवळपास एक ट्रान्झिट मिक्सर. मॉडेलमध्ये जाडी बदलताच हा आकडा आणि संबंधित नकाशे बदलतात. एका नकाशात दुरुस्ती झाली आणि दुसऱ्यात राहून गेली, हा नेहमीचा घोळ टळतो.

३. कामाचा क्रम आधी पाहता येतो. कोकणात जूनमध्ये पाऊस सुरू झाला की खोदाई, भराव आणि नदीपात्रातील कामे थांबतात. खरा हंगाम ऑक्टोबर ते मे. पाया मेअखेर पाण्याच्या वर आला नाही, तर काम पुढच्या हंगामावर जाते. फोर-डी मॉडेलमध्ये कोणत्या आठवड्यात बांधकाम कुठवर पोहोचेल, क्रेन कुठे उभी राहील, गर्डर कोणत्या क्रमाने बसतील हे आधीच तपासता येते.

४. बांधून झाल्यावरही मॉडेल उपयोगी पडते. खाऱ्या हवेत सळ्या लवकर गंजतात. दहा वर्षांनी दुरुस्तीची वेळ येते तेव्हा मूळ नकाशे फाइलींच्या ढिगात सापडत नाहीत. कोणती सळई कुठे, कव्हर किती, बेअरिंग कधी बदलले, ही नोंद मॉडेलमध्ये असेल तर दुरुस्ती अंदाजपंचे करावी लागत नाही.

महाराष्ट्रात कुठे वापरले?

सर्वांत ठळक उदाहरण नागपूर मेट्रोचे. फाइव्ह-डी बिम वापरणारा देशातील पहिला मेट्रो प्रकल्प अशी त्याची ओळख आहे. महामेट्रोने तेथे मॉडेलला वेळापत्रक आणि खर्चाची जोड दिली. मार्च २०१९ मध्ये पहिला टप्पा धावू लागला आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या फेजमधील उर्वरित मार्गांचे उद्घाटन झाले. परदेशात तर ब्रिटनने एप्रिल २०१६ पासून केंद्र सरकारच्या बांधकाम प्रकल्पांना बिम सक्तीचे केले. या पद्धतीने माहिती कशी हाताळावी यासाठी २०१८ पासून आयएसओ १९६५० हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे.

बिम असते तर चिपळूणची दुर्घटना टळली असती?

असे म्हणता येणार नाही. मॉडेल गर्डर उचलत नाही आणि साइटवरची देखरेखही करत नाही. जमिनीची तपासणी अपुरी असेल, तर चुकीची माहिती सुंदर रंगांत दिसेल, एवढेच. कोकण रेल्वेने १९९०च्या दशकात, बिम हा शब्दही रूढ नसताना, रत्नागिरीजवळ ६४ मीटर उंचीचा पानवल पूल आणि सुमारे साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा पूर्ण केला. तंत्र नव्हते म्हणून काम अडले नाही. पण तेव्हाच्या इंजिनीअरनी जे डोक्यात आणि वहीत सांभाळले, ते आज सगळ्यांना दिसेल असे ठेवता येते. कोणता बदल कुणी, कधी केला याची नोंद राहते. जबाबदारी ठरवताना हीच नोंद लागते.

अडचणी कोणत्या?

सॉफ्टवेअरचे परवाने महाग आहेत, चांगला संगणक लागतो आणि शिकायला काही महिने जातात. दोन खोल्यांच्या घराला याची गरजही नाही. आर्किटेक्टने मॉडेल दिले आणि ठेकेदार प्रिंट काढून जुन्याच पद्धतीने काम करत राहिला, तर खर्च वाया. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये देवाणघेवाण व्हावी म्हणून ‘आयएफसी’ हा खुला फॉरमॅट आहे. सरकारी कामात एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवर अडकून न राहता त्याचाच आग्रह धरायला हवा.

आता काय व्हायला हवे?

सुरुवात मोठ्या पुलांपासून आणि सरकारी इमारतींपासून व्हावी. निविदेतच मॉडेल देण्याची अट असावी आणि काम संपल्यावर ते मॉडेल देखभाल करणाऱ्या विभागाच्या ताब्यात यावे. ते तपासू शकणारे इंजिनीअर विभागातही हवेत, नाहीतर पेनड्राइव्ह कपाटात जाईल.

रत्नागिरीतील इंजिनीअरिंग आणि पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांसाठी ही नोकरीचीही वाट आहे. पुण्या-मुंबईतील अनेक कंपन्या परदेशी प्रकल्पांची मॉडेल्स इथे बसून तयार करतात. बिम मॉडेलर, कोऑर्डिनेटर अशी पदे तिथे आहेत. पण फक्त सॉफ्टवेअरची बटणे येऊन भागत नाही. तुळई कुठे हवी हे ज्याला कळते, त्याच्याच हातात बिमचा उपयोग आहे.

महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी कोकणाने दशकाहून अधिक काळ वाट पाहिली आहे. पुढचा पूल उभारताना त्यातल्या चुका आधी स्क्रीनवर दिसाव्यात, एवढी अपेक्षा जास्त नाही.