आधी पाऊलवाट, मग पूल

परळ आणि प्रभादेवी यांना जोडणारा एल्फिन्स्टन पूल १२ सप्टेंबर २०२५ रोजी वाहतुकीस बंद करण्यात आला. शंभर वर्षांहून अधिक काळ इमानाने राबलेल्या या पुलास निवृत्ती देणे अपरिहार्यच होते, आणि त्याच्या जागी दुमजली पूल उभारण्याच्या योजनेस आमचा मुळीच विरोध नाही. तथापि मोटारी कोणत्या मार्गाने वळवावयाच्या याचा जितक्या बारकाईने विचार झाला, तितका पायी चालणाराचा आणि सायकलस्वाराचा झाला काय, हा प्रश्न विचारल्यावाचून आम्हांस राहवत नाही. या पुलाच्या पूर्वेस के. ई. एम., टाटा आणि वाडिया ही रुग्णालये आहेत. मोटारीस पडणारा वळसा म्हणजे थोडे पेट्रोल आणि थोडा त्रागा. परंतु आजारी माणसाला हाताशी धरून निघालेल्या नातेवाइकापुढे स्थानकाच्या पादचारी पुलांचे जिने उभे असतात, आणि त्या दुखणेकऱ्याला ते डोंगराएवढे वाटतात.

प्रश्न एका पुलाचा नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी सुटली आणि मुंबई वाढू लागली. ज्या रुळांनी ती वाढविली, त्याच रुळांनी तिचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भागही केले. घर एकीकडे तर शाळा दुसरीकडे, बाजार अलीकडे तर दवाखाना पलीकडे, अशी स्थिती उपनगरोपनगरी आहे. ही दुही सांधण्याची जबाबदारी रूळ टाकणारांची आणि शहर वसविणारांची आहे. प्रत्यक्षात ती नागरिकाच्या पायांवर आणि अनेकदा त्याच्या प्राणांवर ढकलली गेली आहे.

रेल्वेच्या सुरक्षिततेविषयी नेमलेल्या डॉ. अनिल काकोडकर समितीने २०१२ साली नोंदविले की, देशात दरवर्षी सुमारे १५,००० माणसे रूळ ओलांडताना मरतात आणि त्यांतील सुमारे ६,००० एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर. कोणत्याही सुसंस्कृत समाजास हे हत्याकांड मान्य होऊ नये, अशा आशयाचे कठोर उद्गार त्या समितीने काढले. पुढे आकडा खाली आला हे खरे. पण २०२३ सालीही मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अडीच हजारांहून अधिक माणसे दगावली, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा रूळ ओलांडणारांचाच होता.

यावर ठरलेले उत्तर असे की, लोक बेशिस्त आहेत. रूळ ओलांडणे १९८९ च्या रेल्वे कायद्यान्वये गुन्हा आहे आणि ते असमर्थनीय आहे, हे आम्हांसही मान्य आहे. पण डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली बाई किंवा सायकलीला दुधाचे कॅन अडकवून निघालेला माणूस मरणाच्या हौसेने रुळांवर उतरत नाही. त्याच्यापुढे कोणता पर्याय ठेवला आहे, ते पाहावे. विजेच्या तारांवरून जाणाऱ्या पुलास रुळांपासून सहा मीटरांहून अधिक उंची द्यावी लागते, म्हणजे चाळीसएक पायऱ्या चढावयाच्या आणि तितक्याच उतरावयाच्या. उलट माणसाला रुळांखालून जावयाचे तर अडीच मीटरांची मोकळी उंची पुरते. खाली उतरताना मिळालेला वेग सायकलस्वाराला चढ चढतानाही उपयोगी पडतो. आम्सटरडॅमच्या मुख्य स्थानकाखालून २०१५ साली केवळ पादचारी आणि सायकलस्वार यांच्यासाठी ११० मीटर लांबीचा भुयारी मार्ग खुला झाला, त्यामागे हाच साधा हिशेब आहे.

मात्र मुंबईत तोच कित्ता सर्वत्र गिरविता येणार नाही, हे अंधेरीचा आणि मिलनचा भुयारी मार्ग दर पावसाळ्यात बजावून सांगतात. जेथे रूळ भरावावर आहेत आणि पाण्याचा निचरा होतो, तेथे भुयार करावे. सखल भागात पूलच बांधावा; पण तो केवळ जिन्याचा नसावा. वीसास एक अशा सौम्य उताराने सहा मीटर चढावयाचे तर १२० मीटरांचा उतरंडीचा मार्ग लागतो. तेवढी जागा नसेल तेथे उद्वाहक बसवावा, आणि जिन्याच्या कडेने सायकलचे चाक सरकेल एवढी पन्हळ तरी ठेवावी. या पन्हळीस असा किती खर्च येणार?

खरी अडचण पैशाची नसून मालकीची आहे. रुळांवरचा भाग रेल्वेचा, दोन्ही बाजूंचे उतार महापालिकेचे, आणि मधला माणूस कोणाचाच नाही! २०१८ च्या जुलैत अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. १४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पूल कोसळून माणसे मेली. दोन्ही वेळी पहिला वाद रंगला तो पूल कोणाच्या ताब्यात, याचा. त्याआधी २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला. रुंद पुलास मंजुरी आधीच मिळालेली होती. काम मात्र सुरू झालेले नव्हते. मग लष्कर आले आणि तेथे, करी रोडला व आंबिवलीला त्याने पूल उभारले. २०१८ च्या फेब्रुवारीत, म्हणजे अवघ्या पाच महिन्यांत, ते खुलेही झाले. जे पाच महिन्यांत होऊ शकते त्यासाठी आधी २३ चिता का पेटाव्या लागतात, याचे उत्तर कोणत्याही खात्याने दिलेले नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. माणसे जेथून प्रत्यक्ष रूळ ओलांडतात त्या जागांची रेल्वेने आणि महापालिकेने एकत्र मोजणी करावी व ओलांडण्याचा मार्ग तेथेच द्यावा. अर्धा मैल दूर बांधलेला पूल नकाशात शोभतो, पण वापरात येत नाही. प्रत्येक पुलाचा आणि भुयाराचा एकच धनी ठरवून त्याचे नाव तेथे लावावे. आणि यापुढे कोणताही जुना पूल पाडण्यापूर्वी पादचारी व सायकलस्वार यांच्यासाठी पर्यायी वाट प्रथम खुली करावी, असा नियमच करावा. मोटार वळसा घेऊ शकते. थकलेले पाऊल घेऊ शकत नाही. परळच्या नव्या पुलाच्या दोन मजल्यांवर या पावलाला किती जागा मिळते, यावरून या शहराच्या कारभाऱ्यांची परीक्षा होणार आहे.