विश्लेषण : मोबाइल हातात असताना मनगटी घड्याळ कशाला?

घड्याळप्रेमींच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो. कपाटातले राहू द्या, रोज हातात कोणते बांधता? मग कुणी वडिलांचे एचएमटी ‘जनता’ दाखवतो, कुणी लग्नात मिळालेले टायटन, तर कुणी प्लास्टिकचे कॅसिओ. पुढचा वाद ब्रँड आणि किमतीवर रंगतो. चंद्रपूर-गडचिरोलीत, जिथे घड्याळाला आजही ‘घडी’च म्हणतात, हाच प्रश्न कामाच्या अंगाने विचारला तर उत्तर बरेच बदलते.

मनगटावर काय काय आले-गेले?

१९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीने बंगळूरुमध्ये घड्याळे बनवायला सुरुवात केली. ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’, बायकांसाठी ‘काजल’ ही नावे घराघरांत पोहोचली. नोकरी लागली की घड्याळ, लग्न ठरले की घड्याळ आणि निवृत्तीच्या समारंभातही घड्याळच. ‘जनता’ला रोज चावी द्यावी लागते. दिवसाला अर्धा-पाऊण मिनीट पुढेमागे झाले तर कुणी मनावर घेत नसे. पुढे क्वार्ट्झ आले. सेलवर चालणाऱ्या या घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्या मोजणीवर काटे फिरतात. टाटा समूह आणि तमिळनाडू सरकारच्या महामंडळाने मिळून काढलेल्या टायटनने या तंत्रावर बाजार काबीज केला. एचएमटी मागे पडत गेली आणि २०१६ मध्ये केंद्राने तिची घड्याळ कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. जुन्या एचएमटीला आता हौशी गिऱ्हाईक आहे. मात्र नव्याकोऱ्या, भडक रंगाच्या तबकडीचे ‘जुने’ एचएमटी दिसले की सावध व्हावे, ती तबकडी बहुधा पुन्हा रंगवलेली असते.

मोबाइलने घड्याळ संपवले नाही का?

‘जंगलात रेंज नाही, म्हणून घड्याळ लागते’ हे नेहमीचे उत्तर तितकेसे खरे नाही. रेंज गेली तरी मोबाइलमधली वेळ चालूच राहते. खरी अडचण चार्जिंगची असते, आणि मोबाइल बाहेर काढता न येण्याची. ताडोबाच्या गाभा क्षेत्रात पर्यटकांना मोबाइल वापरण्यास बंदी आहे. सफारीची वेळ मात्र मिनिटांवर चालते. मोहर्ली किंवा कोलारा गेटमधून ठरल्या वेळेत बाहेर पडले नाही तर जाब पर्यटकाला नाही, चालकाला आणि गाइडला द्यावा लागतो. वाघ रस्त्यावर बसला आहे आणि गाडीतला कुणी निघायला तयार नाही, अशा वेळी मनगटाकडे कोण बघते, हे वेगळे सांगायला नको. वेकोलिच्या खाणींत आणि चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रात पाळ्यांवर जाणाऱ्यांचे हात कोळशाने, ग्रीसने भरलेले असतात. तिथेही खिशात हात घालण्यापेक्षा मनगट वळवणे सोपे.

पण ही सोयीची गोष्ट झाली. घड्याळ नसले तर अडते कुठे, हे पाहायला गडचिरोलीतल्या गावांत जावे लागते.

एका मिनिटाचे मोल काय?

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेचे काम सुरू केले. लहान मुलांच्या मृत्यूंमागे न्यूमोनिया हे एक मोठे कारण होते. तो ओळखण्याची गावातही जमेल अशी खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतले बाळ मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल तर धोका. वर्षाच्या आतल्या मोठ्या बाळासाठी हा आकडा ५०, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४०. मोजायचे कुणी? गावातल्या सुइणींना तितके आकडे मोजता येत नव्हते आणि घड्याळही वाचता येत नव्हते. त्यावर ‘सर्च’ने साधे यंत्र काढले : एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सरकते मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकला तर बाळाला न्यूमोनिया असण्याची शक्यता धरायची. आकडे येत नसले तरी मिनीट मोजता येते, हे त्या यंत्राने दाखवले. घड्याळाच्या गप्पांत स्विस कारागिरीचे दाखले दिले जातात, त्यांच्या शेजारी हे यंत्र ठेवायला हरकत नाही.

पुढे ‘सर्च’ने ३९ गावांत प्रशिक्षित महिलांमार्फत घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. हे श्रेय प्रशिक्षण, औषधे, बाळाला ऊब, आईचे दूध या सगळ्यांचे. घड्याळाचा वाटा त्यातून वेगळा काढता येत नाही. पण २०११ पासून हीच पद्धत देशभर आशा सेविकांमार्फत राबवली जाऊ लागली, तेव्हा त्यांच्या संचात वजनकाटा आणि थर्मामीटरसोबत डिजिटल मनगटी घड्याळ आले. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, १४व्या, २१व्या, २८व्या आणि ४२व्या दिवशी जायचे. बाळ घरी जन्मले तर पहिल्या दिवशीही. प्रसूतीच्या वेळी आशा हजर असेल तर ३० सेकंदांनी आणि ५ मिनिटांनी बाळ रडते का, श्वास घेते का, याची नोंद करायची. श्वास मोजायचे ते पूर्ण मिनीटभर, कारण नवजात बाळाचा श्वास मध्येच थांबतो, मध्येच वेग घेतो. १५ सेकंद मोजून चारने गुणले तर फसगत होते.

हे काम मोबाइलवर का नको? घड्याळ बाळाच्या पोटाजवळ धरले की आकडा आणि पोटाची हालचाल एकाच नजरेत दिसते. मोबाइलचा पडदा नेमका चाळिसाव्या सेकंदाला विझतो किंवा कुणाचा तरी फोन येतो.

मग रोजचे घड्याळ कोणते निवडावे?

या कसोटीवर बरीच देखणी घड्याळे पहिल्याच फेरीत बाद होतात, कारण त्यांना सेकंदकाटाच नसतो. पातळ, नाजूक घड्याळ समारंभाला शोभते, पण त्यावर नाडी किंवा श्वास मोजता येत नाही. उलट दिवसाला ४० सेकंद चुकणारे जुने ‘जनता’ एका मिनिटाच्या मोजणीत एका सेकंदाचा तिसावा भागही चुकत नाही. अचूकतेवरून होणारे वाद रोजच्या वापरात फारसे कामाचे नाहीत, ते यामुळे.

चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. क्वार्ट्झचा स्फटिक २५ अंशांच्या आसपास सर्वात नीट चालतो. ४५ अंशांत ठेवलेले घड्याळ दिवसाला साधारण एक सेकंद मागे पडते. त्याची चिंता नको. घामाने सडणाऱ्या चामडी पट्ट्याची करावी. या हवेत रबरी, नायलॉनचा किंवा स्टीलचा पट्टा बरा. ‘३० मीटर वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेले घड्याळ ३० मीटर पाण्यात नेण्यासाठी नसते, हात धुताना उडणाऱ्या पाण्यापुरते असते. धानाच्या बांधीत रोवणी करायची असेल तर ५० किंवा १०० मीटरचे घ्यावे.

१९८९ पासून जवळपास त्याच रूपात विकले जाणारे कॅसिओचे ‘एफ-९१ डब्ल्यू’ जगभरच्या शौकिनांचे लाडके आहे. त्याचा दिवा अगदीच मिणमिणता. पण सेल सुमारे सात वर्षे टिकतो, स्टॉपवॉच आहे आणि पट्टा भिजला तरी बिघडत नाही. स्मार्टवॉचकडे याहून कितीतरी अधिक सोयी आहेत, पण वारंवार चार्जिंग मागणारे घड्याळ विजेचा भरवसा नसलेल्या गावात रोजचे होऊ शकत नाही.

सेल संपला की काय?

या चर्चेत सर्वात कमी बोलले जाते ते यावरच. शहरात घडीसाज पाच मिनिटांत मागचे झाकण उघडून सेल बदलून देतो. भामरागड जिल्हा मुख्यालयापासून दीडशे किलोमीटरहून दूर आहे आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की त्याचा संपर्क तुटत आला आहे. आशा सेविकेच्या घड्याळाचा सेल अशा वेळी बंद पडला तर तो स्वतःच्या पैशाने, तालुक्याच्या बाजारात जमेल तेव्हा बदलण्यावर काम सोडणे योग्य नाही. थर्मामीटर आणि घड्याळ, दोन्हींचे सेल औषधांच्या यादीत घालून पावसाळ्याआधी गावागावांत पोहोचवायला हवेत. खर्च नगण्य आहे. आणि पुढची खरेदी होईल तेव्हा निविदेत फक्त ‘डिजिटल घड्याळ’ एवढेच न लिहिता मोठे आकडे, दिवा, पाण्यात टिकणारा पट्टा आणि तालुक्याच्या दुकानात मिळणारा सेल, एवढ्या अटी तरी घालाव्यात.