बंदुकीला उत्तर बंदूक नाही, पट्टा आहे!



सरकार म्हणतं, जंगलातला हिंसाचार संपवायचा आहे. चांगलंच आहे. आपल्याइतकी ती गरज दुसऱ्या कोणाला आहे? रात्री दलम येतं, भात मागतं. सकाळी पोलीस येतात, भात का दिला म्हणून विचारतात. दलम एकाला खबऱ्या ठरवून मारतं, पोलीस दुसऱ्याला नक्षलवादी ठरवून उचलतात. दोन्हीकडे मरतो तो आपलाच माणूस. म्हणून हे कसं थांबवायचं, ते सांगायचा पहिला हक्क आपला आहे.

सरकारने आजवर काय काय करून पाहिलं, ते नीट बघा.

पहिला उपाय: आदिवासीच्या हातात आदिवासीविरुद्ध बंदूक. शेजारच्या छत्तीसगडमध्ये २००५ साली सलवा जुडूम सुरू झालं. नाव शांतीचं, काम गावं उठवायचं. हजारो लोकांना घर-शेत सोडून रस्त्याकडेच्या छावण्यांत राहावं लागलं. पाचवी शिकलेली पोरं महिना ३,००० रुपयांवर 'विशेष पोलीस अधिकारी' झाली. माओवाद्यांनीही माणुसकी दाखवली नाही. जुलै २००६ मध्ये एर्राबोरच्या छावणीवर हल्ला करून त्यांनी ३० च्या वर माणसं मारली. ती कोण होती? आदिवासीच. शेवटी ५ जुलै २०११ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, हे घटनेविरुद्ध आहे, पोरांच्या हातातल्या बंदुका काढून घ्या. राज्य सरकारने काय केलं? त्याच वर्षी नवा कायदा करून त्याच पोरांना सहायक सशस्त्र दलात घेतलं. नाव बदललं, बंदूक तीच.

दुसरा उपाय आपल्या गडचिरोलीतला: गावबंदी. नक्षलवाद्यांना गावात येऊ देणार नाही असा ठराव करा, विकासनिधी घ्या. अहो, रस्ता, नळ, शाळा हा आपला हक्क आहे का बक्षीस? आणि ठराव झाल्यावर रात्री दार वाजलं तर निधी देणारा साहेब दाराशी उभा राहणार आहे का? त्याची बदली होईल, आपल्याला इथंच राहायचं आहे. गावाला ढाल करायचं आणि वर त्यालाच लोकसहभाग म्हणायचं!

तिसरा उपाय मेळाव्याचा. भांडी, साड्या, क्रिकेटचं सामान वाटायचं. मिळालं तर घ्या, पण पट्ट्याऐवजी साडी हा सौदा आपण केलेला नाही.

आता मुळाकडे या. २००८ साली नियोजन आयोगाच्याच तज्ज्ञ गटाने लिहून दिलं की जमीन हातची जाणं, जंगलावरचा हक्क हिरावणं आणि पेसा कायदा कागदावरच राहणं ही या असंतोषाची कारणं आहेत. म्हणजे रोग ठाऊक आहे, औषधही ठाऊक आहे. १९९६ चा पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा हेच ते औषध. मग देत का नाही?

साहेब म्हणतात, 'आधी शांतता होऊ द्या, मग हक्कांचं बघू.' वनहक्क कायद्यात असं कलम कुठंच नाही. आणि उलटा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हातात आला. तो भाग काही शांत होता म्हणून नव्हे. ग्रामसभा एकीने बसली, चिकाटीने मागत राहिली म्हणून. जंगल ज्याचं आहे, बांबूचा हिशोब ज्याच्या हातात आहे, तो पोरगा कोणाच्या बंदुकीमागे कशाला जाईल?

दादालोकांनाही तेच सांगणं आहे. खबऱ्या म्हणून गावकऱ्याचा गळा कापून कोणाला जमीन मिळाली? बंदूक टेकवलेल्या सभेत माणूस मान हलवतो, निर्णय घेत नाही. पोलिसांच्या बंदुकीपुढे आणि तुमच्या बंदुकीपुढे ग्रामसभा सारखीच मुकी होते.

म्हणून प्रत्येक गावाने हे करावं:

१) बाहेरून लिहून आलेल्या कोणत्याच ठरावावर सही नाही, अंगठा नाही. मग तो साहेबाचा असो की दलमचा.

२) ग्रामसभेत बंदूक नको, कोणाचीच. गणवेशातली नको, बिनगणवेशातलीही नको.

३) सामूहिक वनहक्काचा दावा राहिला असेल तर वनहक्क समिती बसवा, जुन्या माणसांना सोबत घेऊन हद्द फिरा, दावा दाखल करा. पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.

४) उपविभागीय समितीने दावा फेटाळला तर कारण लेखी मागा आणि ६० दिवसांच्या आत जिल्हा समितीकडे अपील करा. तोंडी 'नाही'वर घरी परतू नका.

५) दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कब्जातल्या जमिनीवरून कोणालाही हटवता येत नाही. फॉरेस्टवाले आले तर कायद्याचं कलम ४(५) दाखवा.

शांतता आपल्यालाच हवी आहे. पण ती छावणीतली नको, मेल्यासारखी गप्प बसलेली नको. आपल्या जंगलात आपल्या हक्काने मोहफूल वेचणाऱ्या बाईला कोणाचीच भीती वाटणार नाही, ती शांतता हवी.

जल, जंगल, जमीन आमची! ग्रामसभा झिंदाबाद!