नाव एकच, गोष्टी वेगळ्या

परवा रविवारी शेजारच्या बाप-लेकीची जुंपली. मुलगी म्हणाली, "पप्पा, 'लव्ह स्टोरी' लावते." बाप खूश. "कुमार गौरवचा ना?" लागला तो तेलुगू सिनेमा. आम्हीही चहाच्या निमित्ताने टेकलो.

चूक दोघांचीही नव्हती. वाचकहो, नावावर कोणाचा कॉपीराइट नसतो. 'देसी बॉइज' या सिनेमाच्या नावाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा 2015 साली न्यायालयाने हेच सांगितले. त्यामुळे एका नावाखाली कितीही संसार थाटता येतात.

या नावाने जगभर गाजला तो 1970 चा अमेरिकन चित्रपट. धनाढ्याचा मुलगा ऑलिव्हर आणि बेकरीवाल्याची मुलगी जेनी. बापाने मुलाचे पैसे तोडले. जेनीने पॅरिसला संगीत शिकायला जाण्याची संधी सोडून शिक्षिकेची नोकरी धरली आणि तिच्या पगारावर नवरा वकील झाला. लोक तिच्या मरणावर रडतात. आम्हाला मात्र तो पगार आठवत राहतो. नवऱ्याच्या रात्र-कॉलेजची फी भरण्यासाठी चार घरची भांडी घासणाऱ्या आयाबहिणी आपल्या वस्तीत कमी का झाल्या? त्यांच्यावर कोणी सिनेमा काढला नाही.

तिकडे 1973 मध्ये याच नावाची टीव्ही मालिका आली, ती काही महिन्यांतच बंद पडली.

आपल्याकडचा 1981 चा 'लव्ह स्टोरी' राजेंद्र कुमार यांनी मुलासाठी काढला. आर. डी. बर्मन यांचे संगीत, अमित कुमारचा आवाज. गाणी आम्हीही गुणगुणलो, खोटे कशाला बोला! पण भांडण दोन सुखवस्तू बापांचे. पोरे पळून डोंगरात घर बांधतात. जात कोणी विचारत नाही, घरभाडेही कोणी मागत नाही.

टेलर स्विफ्ट या अमेरिकन गायिकेच्या 2008 च्या गाण्यात तर रोमिओ-ज्युलिएटचा बापच शेवटी राजी होतो. तिच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचे हक्क दुसऱ्यांच्या हाती गेले, तेव्हा 2021 मध्ये तिने हे गाणे नव्याने गाऊन आपल्या मालकीचे केले. आमच्यासारख्या बी.कॉम. माणसाला ही हिशेबाची हुशारी फार आवडली.

शेखर कम्मुला यांचा तेलुगू 'लव्ह स्टोरी'ही 2021 चाच. हैदराबादेत नाचाचे वर्ग चालवणारा रेवंत दलित ख्रिस्ती, साई पल्लवीची मौनिका वरच्या जातीची. इथे अडथळ्याला त्याच्या नावाने हाक मारली आहे. शिवाय घराण्याच्या अब्रूचा पहारेकरी म्हणून मिरवणारा काकाच लहानपणी त्या मुलीशी घाणेरडे वागलेला असतो. ती ते सांगू लागली तेव्हा आमच्या हातातला चहा निवून गेला.

सिनेमा संपला. बाप म्हणाला, "गाणी आमच्या वेळची बरी." मग बराच वेळ गप्प राहून हळूच म्हणाला, "पोरी, तुला असं कधी कोणी..."

आम्ही कप खाली ठेवला आणि उठून घरी आलो.