जमिनीचा हप्ता

रविवारी सकाळी अकरा वाजता, ऊन डोक्यावर आलेलं असताना, इस्त्रीच्या कपड्यांत, हातात फुकटचं वेलकम ड्रिंक धरून कोण उभं असतं? बरोबर ओळखलंत. सॅम्पल फ्लॅट बघणारी मंडळी.

परवा त्या रांगेत मीही होते. माझ्यासाठी नव्हे हो, आमच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीसाठी. नवरा-बायको दोघंही नोकरीत, मुलगी तीन वर्षांची, आणि दर अकरा महिन्यांनी टेम्पो बोलावून बोलावून दोघंही कंटाळलेले. "तू चल ना, तुला हिशेब जमतो," असं म्हणून तिने मला गाडीत घातलं आणि आम्ही पोहोचलो घोडबंदर रोडला.

सॅम्पल फ्लॅट नेहमीसारखाच सुंदर होता. म्हणजे बेड जरा आखूड, कपाटांना दारं नाहीत, आणि हॉल व किचनच्या मधल्या भिंतीच्या जागी काच. सेल्सवाली मुलगी गोड हसून म्हणाली, "मॅडम, ८० लाख मोठे वाटतात, पण ईएमआय फक्त ५५,५००. भाडं भरताच ना? त्यात थोडे घालायचे!"

थोडे. मला हा शब्द सॉलिड आवडला.

कॅन्टीनमध्ये बसून टिश्यू पेपरवर हिशेब मांडला. एवढ्या रकमेच्या कर्जासाठी बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे ६४ लाख. १६ लाख आपले. ठाण्यात स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. रजिस्ट्रेशनचे ३० हजार. बिल्डिंग अजून बांधायची आहे म्हणून ५ टक्के जीएसटी, ४ लाख. बेरीज झाली जवळजवळ २६ लाख. पार्किंग, सोसायटीचं डिपॉझिट आणि पंखे वेगळेच. बँक स्टॅम्प ड्युटीसाठी कर्ज देत नाही, हे बरेच जण टोकन देऊन झाल्यावर शिकतात आणि मग आईच्या बांगड्यांकडे बघतात.

(एक छोटी सूट आहे. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं, तर महाराष्ट्रात २०२१ पासून स्टॅम्प ड्युटी १ टक्क्याने कमी. इथे चक्क ८० हजार वाचतात. हे सांगितल्यावर मैत्रिणीच्या नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.)

पण खरा फंडा पुढे आहे. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं धरली तर एका लाखाला महिना साधारण ८६८ रुपये हप्ता पडतो. हा आकडा मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा आणि घराबरोबर येणारा प्रत्येक महिन्याचा खर्च त्याने भागून बघा. स्टेशनपर्यंत दोघांची जा-ये समजा महिना ५,००० रुपये. म्हणजे पावणेसहा लाखांच्या कर्जाचा हप्ता! क्लब हाउस, स्विमिंग पूल आणि ज्यात आपण वर्षातून दोनदा जाणार त्या जिमसाठी मेंटेनन्स ४,००० जास्त. आणखी साडेचार लाख. ब्रोशरमधला ८० लाखांचा फ्लॅट कॅन्टीनच्या टेबलावर ९० लाखांचा झाला. आणि ते 'स्टेशन फक्त १५ मिनिटं'? रात्री दोन वाजता असेल.

व्याजाचंही तसंच. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो रेट ४ वरून साडेसहावर गेला. पावणेसात टक्क्यांचं कर्ज सव्वानऊ टक्के झालं, तर ६४ लाखांवर महिन्याला जवळजवळ १०,००० रुपये वाढतात. ज्यांचा हप्ता वाढला नाही त्यांची वर्षं वाढली. म्हणून मी मैत्रिणीला एकच विचारलं : तुमच्यापैकी एकाची नोकरी सहा महिने गेली, तर हप्ता निघेल? ती गप्प झाली. नवरा ड्रिंकमधला बर्फ चघळत राहिला.

मग तिने तो प्रश्न विचारला जो आपण सगळेच विचारतो. "अगं, पण एवढ्याशा वन बीएचकेला ८० लाख लागतातच कशाला? सिमेंट काय सोन्याचं आहे?"

नाही. सिमेंट, सळ्या आणि मजुरी अंबरनाथला आणि अंधेरीला थोड्याफार फरकाने तीच. बदलते ती खालची जमीन. आपल्या शहरात नोकरदारांना जेव्हा जेव्हा परवडणारी घरं मिळाली, तेव्हा कुणीतरी आधी जमिनीचा प्रश्न सोडवला होता. १९१५ साली गावदेवीत सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली, तेव्हा कारकून मंडळींनी एकत्र येऊन जे जमवलं ते हेच. एकट्याला प्लॉट परवडत नाही, पन्नास जणांना परवडतो. पुढे गोरेगावला दिंडोशीत मृणालताई गोरे आणि बाबूराव सामंत यांनी नागरी निवारा परिषदेमार्फत अशीच लढाई केली. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याखालची अतिरिक्त जमीन सामान्य माणसाच्या घरांसाठी द्या, म्हणून सरकारच्या मागे लागले, कोर्टात गेले, आणि हजारो कुटुंबांना घरं मिळवून दिली. तो कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये रद्द केला.

आणि आता जरा आपल्या ऑफिसच्या काचेतून खाली बघा. लोअर परळ, वरळी, प्रभादेवीत नोकरीला असाल तर तुमची रिव्हॉल्व्हिंग चेअर बहुतेक एखाद्या गिरणीच्या जागेवर फिरतेय. मुंबईच्या मध्यावर गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ चा नियम असा होता की गिरणीची जागा विकसित करताना ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेची करायची, असं ठरलं. गिरणी म्हणजे शेड आणि गोदामंच, रिकामी जागा असणार किती? प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २००६ मध्ये बदललेला नियम कायम राहिला. त्या एका दुरुस्तीत आपल्यापैकी कितीतरी जणांचं चालत ऑफिसला जाणं गेलं. आपण मात्र घर महाग का, याचं उत्तर अजून व्याजदरात शोधतोय.

मैत्रीण म्हणाली, "लेक्चर छान आहे. मी टोकन देऊ की नको?"

मी म्हटलं, नको. म्हाडाच्या लॉटरीचा फॉर्म प्रत्येक वेळी भर. ती सरकारी जमीन आहे, स्वस्ताईचं कारण तेच. नंबर लागला नाही तर अनामत रक्कम परत मिळते. पण लॉटरीच्या भरवशावर मुलीची शाळा ठरत नाही, तेव्हा जुन्या इमारतीतलं घरही बघ. ओसी असलेली रीसेल, स्टेशनपासून चालत. जीएसटी शून्य, रिक्षा शून्य, क्लब हाउस नाही म्हणून मेंटेनन्सही थोडा.

पुढचे चार रविवार आम्ही कळव्यात फिरलो. वेलकम ड्रिंक नाही. मिळाला तो सेक्रेटरी काकांच्या घरचा चहा. ६२ लाखांचा एक फ्लॅट आवडला. हप्ता ४३ हजार, आणि हाताशी लागणारी रक्कम २६ वरून १७ लाखांवर आलेली. मैत्रिणीने तिथल्या काकांना विचारलं, "काका, कन्व्हेयन्स झालंय का?" काका म्हणाले, "ते काय असतं?"

झालं! इमारत आपली आणि खालची जमीन अजून बिल्डरच्या नावावर. अशा इमारती आपल्याकडे ढिगाने आहेत. उद्या रिडेव्हलपमेंटची वेळ आली की बिल्डर किंवा त्याचे वारस दारात उभे राहतात. बिल्डर सही देत नसेल तर सोसायटीला डीम्ड कन्व्हेयन्स करून घेता येतं, पण त्यासाठी काकांना आधी 'ते काय असतं' हे कळायला हवं. तिथून निघालो.

दोन गल्ल्या सोडून दुसरी सोसायटी. अठरा वर्षांची इमारत, रंग उडालेला, किंमत पहिल्याहून एक लाख जास्त. तिथल्या सेक्रेटरी काकांनी प्रश्न पूर्ण व्हायच्या आत गोदरेजच्या कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद काढले. वरती सोसायटीचं नाव.

नवऱ्याने पहिल्यांदाच स्वतःहून चेकबुक बाहेर काढलं. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. सामान चढवायला मलाही बोलावलंय.